तीन टिकांचं कारण

३ जून

मामा,

पाया पडले असं समज आणि पुढे वाच, कारण हे पत्र अर्धं घरचं आहे आणि अर्धं कामाचं. तुझा नियम मला पाठ आहे: कामाचं सगळं इंटरनेटवरच्या लिस्टवर, जगासमोर, घरचं सगळं कागदावर. पण हे लिस्टवर विचारण्यासारखं नाही. एवढी एक वेळ खपवून घे.

आमच्याकडे सध्या एका पेटीचं काम चाललंय. वेळेआधी जन्मलेल्या बाळांना ऊब देणारी पेटी. लहान, हलकी, जिथे विजेचा भरवसा नाही तिथेही चालेल अशी. गादीखाली हीटर, बाळाच्या अंगाला लावायचा सेन्सर आणि दोघांच्या मध्ये नखाएवढी चिप. त्या चिपवर कुठली ऑपरेटिंग सिस्टीम घालायची हे ठरवायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. ओपन सोर्सच हवी, कारण आमच्या तपासणीवाल्या बाईंना प्रत्येक ओळ उघडून बघायची असते.

यादीत पाच नावं आहेत. चौथं नाव तुझ्या ‘मुंगी’चं. शपथेवर सांगते, मी घातलं नाही, ते आधीच तिथे होतं. मी साहेबांना सांगून टाकलं की मुंगीवाला माझा सख्खा मामा आहे. ते म्हणाले, मग गुण देताना हात जरा आखडता घे.

तक्त्यात एक रकाना आहे: ‘देखभाल करणारे किती?’ पहिलीपुढे मी चारशे लिहिले, दुसरीपुढे साठ. मुंगीपुढे ‘एक’ लिहिलं आणि पेन हातात धरून बसून राहिले. मामा, रागावू नकोस. तुझ्यानंतर कोण?

मामीला सांग, तिची गुडघ्याची पट्टी पाठवलीय.

तुझी,
चौकशीबाई


१० जून

चौकशीबाई,

आशीर्वाद भरपूर, पण आधी कानउघाडणी. कामाचे प्रश्न लिस्टवर विचारावेत. तिथे विचारलं की उत्तर सगळ्यांना मिळतं. कागदावर विचारलंस तर ते फक्त तुला मिळणार आणि तू ते कुठल्या तरी डब्यात ठेवून देणार. लहानपणापासून तुझी सवय मला माहीत आहे.

आता ऐक. लोकांना आधी नाव आवडतं आणि मग ते कारणं शोधतात. तू उलटं कर. चिपमध्ये जागा किती, ती झोपेतून किती वेळा उठणार, सेन्सर वाचायला क्षणभर उशीर झाला तर चालेल का, हे आधी लिहून काढ. नावं मग बघ. मोठ्या सिस्टीम वाईट नसतात. त्यांत नेटवर्क आहे, पडदा आहे, नाना तऱ्हा आहेत. तुला हवंय काय? अंगाचं तापमान वाचायचं आणि हीटर चालू-बंद करायचा. एका माणसाला गावाला जायचं म्हणून कोणी अख्खी बस ठरवत नाही.

मुंगी माझी आहे म्हणून घेऊ नकोस आणि माझी आहे म्हणून टाकूही नकोस. ती आजवर पाण्याच्या पंपांत, हवामान मोजणाऱ्या खांबांवर आणि दारांच्या कुलुपांत चालली. पंप बंद पडला तर लोक शिव्या देतात, मरत कोणी नाही. बाळाची पेटी म्हणजे वेगळं प्रकरण. खरं सांगू, तुझं पत्र आल्यापासून मी मामीला चार वेळा वाचून दाखवलं. ती म्हणाली, आता एखादा नवा सदरा घ्या.

रकान्यात ‘एक’ असंच लिही. पुढे वाटलं तर ‘पण खमका’ असंही लिही.

मामा


२८ जून

मामा,

खमक्या माणसा, तू जिंकतोयस. पाचांपैकी दोन सिस्टीम आमच्या चिपमध्ये मावल्याच नाहीत. एक मावली, पण झोपेतून उठायला इतका वेळ लावते की बॅटरी दुपारपर्यंत गळून पडते. एकीची कागदपत्रं वाचून माझंच डोकं गळून पडलं. मुंगी बारा दिवस टेबलावर चालली आणि एकदाही अडखळली नाही. आमचे साहेब सहसा कोणाचं कौतुक करत नाहीत. ते पेटीसमोर उभे राहिले आणि “बरं आहे” म्हणाले. त्यांच्या तोंडून हे म्हणजे सत्कारच.

तपासणीवाल्या बाई मात्र हटून बसल्यात. त्यांचा नियम असा की ज्या ओळीचं कारण लिहिलेलं नाही, ती ओळ बाळाच्या जवळ जाणार नाही. आणि तू तर कारणं लिहितच नाहीस! त्यांनी बोट ठेवलेली पहिलीच ओळ: चिप झोपेतून उठली की काही करण्याआधी आपल्या घड्याळाचे तीन टिक थांबते. तीनच का? दोन का नाहीत? मुळात थांबायचंच कशाला?

एका ओळीचं उत्तर पाठव, मी तक्त्यात चिकटवते.

चौकशीबाई

ता. क. ‘तुझ्यानंतर कोण’ याचं उत्तर तू मागच्या पत्रात शिताफीने गिळलंस. मला दिसत नाही असं समजू नकोस.


१६ जुलै

चौकशीबाई,

उत्तराला उशीर झाला. मध्ये जरा गडबड होती. गुडघ्याची पट्टी मिळाली, मामी घरभर फिरते आहे.

तुझ्या बाईंचं बरोबर आहे. सव्वीस वर्षांत मी कारणं लिहिली नाहीत, कारण मला ती माहीत होती. माणसाने स्वतःचं घर बांधलं की कुठल्या खिडकीची कडी कशी लावायची याच्या चिठ्ठ्या तो चिकटवत नाही.

त्या तीन टिकांचं म्हणशील तर ती ओळ मी काढून टाकली आहे. जुन्या कुठल्या तरी चिपसाठी असेल. आता गरज नाही. मुंगी आता आणखी चपळ उठते. नवं व्हर्जन लिस्टवर टाकलं आहे, तेच घ्या. प्रश्न चांगला होता. असे प्रश्न विचारत जा.

‘तुझ्यानंतर कोण’ हे असं आहे की दोघं आले होते. एकाला मी ओळी नीट न लावल्याबद्दल चारचौघांत झापलं, तो गेला. दुसरी फार हुशार मुलगी होती. तिने एक सुधारणा सुचवली, ती माझ्यापेक्षा चांगली होती, आणि ते कबूल करायला मी आठ महिने लावले. तीही गेली. हे तक्त्यात लिहू नकोस.

मामीला गुडघ्याची पट्टी पाठवशील का? तिला जिना चढताना त्रास होतो.

मामा


१ ऑगस्ट

मामा,

ठरलं! मुंगी! काल बैठकीत शिक्कामोर्तब झालं. तपासणीवाल्या बाई म्हणाल्या, “जो माणूस सव्वीस वर्षांची ओळ एका प्रश्नावर काढून टाकतो, त्याच्याशी माझं जमेल.” मी टेबलाखाली स्वतःलाच चिमटा काढला. तू माझ्यासाठी एवढं करशील असं वाटलं नव्हतं. तू आणि माघार? मामीला सांग, कुठेतरी लिहून ठेव.

नव्या व्हर्जनवर सहा पेट्या लावल्या आहेत. चार आठवडे अखंड चालवायच्या. बाळाच्या जागी कोमट पाण्याच्या पिशव्या ठेवल्यात, बाळाएवढ्याच वजनाच्या. मी येता-जाता त्यांच्यावर हात ठेवते. साहेब म्हणतात, झोपवतेस की काय.

वाढत्या वयात पट्टीची दुसरी जोडी लागते वाटतं मामीला? पाठवते.

चौकशीबाई


९ ऑगस्ट

पोरी,

मी पत्र लिहिते आहे हे यांना माहीत नाही. तुला उत्तर द्यायचं तर आमच्या पत्त्यावर देऊ नकोस, खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंच्या नावाने दे. सोबत पत्ता लिहिला आहे.

पट्टी एकच पुरे होती. ती आली, मी बांधली, यांनी स्वतः बांधून दिली. तरी पुन्हा मागितली.

मार्चपासून चाललं आहे. आधी मी हसण्यावारी नेलं. मग हे एकदा दूध आणायला गेले आणि दोन तासांनी रिकाम्या हाताने आले. कुठे होतात विचारलं तर माझ्यावरच ओरडले. डॉक्टरांनी दोन वेळा तपासलं, मेंदूची चित्रं काढली, आणि सांगितलं की हे वाढत जाईल. थांबवायचं औषध नाही. यांनी मला तुला सांगू नकोस म्हणून शपथ घातली. मी आजवर यांची एकही शपथ मोडली नाही.

पण तू पत्रात बाळांचं लिहिलं आहेस. मला तुमच्या कामातलं ओ की ठो कळत नाही. एवढं कळतं की तू कुठल्या तरी ओळीचं कारण विचारलं होतंस. हे अकरा दिवस त्यासाठी बसले होते. जुन्या वह्या काढल्या, खोके काढले, जेवायला उठेनात. बाराव्या दिवशी म्हणाले, “मला आठवत नाही म्हणजे ती नकोच असणार.” आणि काहीतरी केलं, आणि मग खुर्चीत बसून रडले. एवढ्या वर्षांत मी यांना रडताना पाहिलं नव्हतं.

हे त्या पेटीच्या आड येणार नाही ना? येत नसेल तर हे पत्र फाडून टाक, आणि तुझ्या मामीने चुगली केली हे विसरून जा.

मामी


१७ ऑगस्ट

मामी,

तू चुगली केली नाहीस. तुझं पत्र परवा आलं. त्याच्या आदल्या दिवशी सहापैकी दोन पेट्या बिघडल्या होत्या.

तुला कळेल असं सांगते. पडद्यावर तापमान दिसत होतं साडेछत्तीस. अगदी हवं तेवढं. पण मी सवयीने पिशवीवर हात ठेवला आणि चटकन मागे घेतला. आतलं पाणी एक्केचाळीसवर गेलं होतं. चिप झोपेतून उठत होती, सेन्सरला तापमान विचारत होती आणि सेन्सर तिला मघाचाच आकडा परत देत होता. हीटर चालूच. माझ्या हाताखाली फक्त पाणी होतं, मामी. मी हे स्वतःला दिवसभर सांगत होते. फक्त पाणी होतं.

मग तुझं पत्र वाचलं आणि घरी जाऊन तो डबा काढला. मामाची मला आलेली सगळी पत्रं त्यात आहेत. मी दहा वर्षांची असतानाचं एक आहे. त्यातलं जसंच्या तसं उतरवते:

“तुला सकाळी उठवल्या उठवल्या आज कुठला वार असं विचारलं तर तू कालचाच वार सांगतेस. तोंड धुतल्यावर विचारलं तर बरोबर सांगतेस. माझ्या चिपचंही तसंच आहे. तिला झोपेतून उठवून लगेच विचारलं तर तिचा सेन्सर कालचंच उत्तर देतो. म्हणून मी तिला तीन टिक देतो, तोंड धुवायला. दोन दिले होते, पण ती तुझ्यासारखीच आळशी निघाली.”

हे कारण. सोळा वर्षं माझ्या कपाटात होतं. मी दर वसतिगृहात, दर भाड्याच्या खोलीत तो डबा बरोबर नेला, आणि पत्र पाठवून त्यालाच विचारलं! मी विचारलं नसतं तर ती ओळ तिथेच असती. मामी, मला हे कोणाला सांगताही येत नाही.

ओळ मी परत घातली. सहाही पेट्या पुन्हा नीट चालतायत. पण तपासणीवाल्या बाई विचारतायत की काढली का होती. खरं सांगितलं तर मामाचं आजारपण चारचौघांत येईल आणि मुंगी यादीतून जाईल. नाही सांगितलं तर उद्या तो दुसरी एखादी ओळ काढेल. त्या वेळी पेटीत पाणी नसेल. तू सांग, मी काय करू?

तुझी पोर


२४ ऑगस्ट

चौकशीबाई,

शिंपीणबाई फार सरळ आहेत. “तुमचं पाकीट चुकून माझ्याकडे आलं,” म्हणून माझ्याच हातात आणून दिलं. दुसऱ्याचं पत्र वाचू नये हे मला अजून आठवतं. तरी वाचलं. मामीला काही बोललो नाही, तूही बोलू नकोस.

एक्केचाळीस.

मी हा आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहिला आहे, म्हणजे सकाळी पुन्हा कळेल.

मी तुझ्याशी खोटं बोललो. ‘जुन्या चिपसाठी असेल’ असं लिहिलं तेव्हा मला माहीत होतं की मला माहीत नाही. लिस्टवर कोणी असं केलं असतं तर मी त्याला सोलून काढलं असतं. पण तुझ्या पेटीत मुंगी जाणार होती. इतकी वर्षं कुलुपं आणि पंप सांभाळले, आणि आता शेवटी एक बाळ. मला ते हवं होतं. इतकं हवं होतं की मी एक ओळ खोडली.

आता मी सांगतो तसं कर. मुंगीवर काट मार. ‘देखभाल करणारे’ या रकान्यात शून्य लिही. कारण विचारलं तर खरं सांग, माझी परवानगी आहे. लिस्टवर मी स्वतः लिहितो. ज्याला हवी त्याने मुंगी घ्यावी, म्हणून तर ती उघडी ठेवली होती.

त्या डब्यातल्या पत्रांच्या नकला पाठव. एवढंच मागतो.

मामा


२० सप्टेंबर

मामा,

काट मारली. बैठकीत उभं राहून मीच मारली. माझा आवाज इतका बारीक निघाला की साहेबांनी पुन्हा सांगायला लावलं. तपासणीवाल्या बाईंनी बैठक संपल्यावर माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि त्या निघून गेल्या. चारशे माणसांची ती मोठी सिस्टीम घ्यायची ठरली. ती या चिपमध्ये मावत नाही, म्हणजे चिप बदलायची, बोर्ड बदलायचा, सगळ्या परीक्षा नव्याने. पेटीला आणखी चौदा महिने लागतील. काल बाळांच्या वॉर्डातल्या सिस्टरांचा फोन आला. पेटी कधी येणार? मी म्हटलं, उशीर होईल. त्या म्हणाल्या, “बरं.” मला कोणी शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं.

तुझं लिस्टवरचं पत्र वाचलं. चार ओळी. ‘मला आता आठवत नाही, म्हणून मी थांबतो. कोणी घेणार असेल तर घ्या.’ खाली एकशे बारा लोकांनी आभार मानले. घेतो असं कोणी म्हटलं नाही. त्या हुशार मुलीला मी शोधून काढलं आणि लिहिलं. तिने फार चांगलं उत्तर दिलं, तुझ्याबद्दल एक वाईट शब्द नाही. पण तिच्या हातात आता दुसरं काम आहे. मी घेते असं साहेबांना म्हटलं तर ते म्हणाले, तू पेटी सोडणार आहेस का? मग सुट्टीच्या दिवशी मुंगीचा कोड उघडून बघितला. कारण नसलेल्या तीनशे चाळीस ओळी आहेत, मामा. डब्यात पत्रं एकोणीस. त्यातून सात ओळींची कारणं मिळाली. ती मी कोडमध्ये लिहिली. उरलेल्या ओळी वाचते आणि नुसती बघत राहते.

नकला सोबत आहेत. पुढच्या महिन्यात मी येतेय. तोपर्यंत जे आठवेल ते लिहून ठेव, दोन शब्द का होईनात.

तुझी,
चौकशीबाई


२ मे

(पोरी, हे पत्र यांनी चार दिवस बसून लिहिलं. मी एकही शब्द बदललेला नाही. — मामी)

चौकशीबाई,

तू मध्ये येऊन गेलीस असं मामी सांगते. बरं केलंस.

माझी तब्येत ठीक आहे. जेवतो, फिरतो. मामीच्या गुडघ्याचं तेवढं बघायला हवं, तिला पट्टी लागेल. सकाळी मी उठलो की ती मला लगेच काही विचारत नाही. पलंगाच्या कडेला बसून एक, दोन, तीन मोजते आणि मग आजचा वार विचारते. ही नवी सवय तिने कुठून उचलली कोण जाणे. मला बरं वाटतं. माझं उत्तर चुकतं बहुतेक, कारण ती उठून खिडकीशी जाऊन उभी राहते.

माझ्या टेबलावर एकोणीस पत्रांच्या नकला आहेत. रोज वाचतो. कोणी मामा आपल्या भाचीला लिहितो आहे. चिपबद्दल लिहितो, झोपेबद्दल, तोंड धुण्याबद्दल. काम जाणणारा माणूस आहे. कुठल्या ओळीचं काय कारण हे त्याला सगळं माहीत असणार, नुसतं विचारायचा अवकाश. तुझ्याकडे त्याचा पत्ता असेलच. तर माझं ऐक आणि त्याच्याकडून बाकीच्या ओळींची कारणं लवकर लिहून घे. उत्तराला जरा उशीर झाला तर चिकाटी सोडू नकोस. पत्रांवरून तरी तो भाचीला उत्तर दिल्याशिवाय राहील असा वाटत नाही.

मामा